आधी केस बांधले

मारेकऱ्यांवरच्या एका सिनेमालिकेचे आधीचे भाग सासूबाईंनी माझ्याबरोबर टीव्हीवर पाहिले होते. त्यांत बाई सुरुवातीलाच मरायची आणि मग नायक सूड घेत सुटायचा. या नव्या भागात मारेकरी बाईच आहे म्हटल्यावर त्या थिएटरला आल्या खऱ्या, पण अंधार होताच त्यांनी माझा हात धरला. "हीसुद्धा मरते का गं?"

मला माहीत नव्हतं. पडद्यावर दाराबाहेर माणसं जमली होती आणि ती आत एकटी होती. तिनं मनगटावरचा रबरबँड दातांत धरला, दोन्ही हातांनी केस मागे ओढले आणि करकचून बांधले.

"आता काही होत नाही हिला," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात सोडला.

मलाही हायसं वाटलं. बंदूक कशी धरतात हे आम्हा दोघींना ठाऊक नाही, पण हे केस बांधणं ओळखीचं होतं. घर आवरायला काढताना, पाहुणे दारात आलेले असताना, अगदी वाईट बातमीचा फोन ठेवल्यावरसुद्धा बायका आधी केस बांधतात. रडायचं ते नंतर.

ती जगली. बाहेर लॉबीत सासूबाई खुर्चीवर टेकल्या. गुडघ्याचं ऑपरेशन त्या कित्येक महिने टाळत होत्या. आम्ही सांगून थकलो होतो. त्यांनी सैल झालेला अंबाडा सोडला, आकडे दातांत धरले आणि विरळ केसांना घट्ट पीळ दिला.

मी काही न विचारता डॉक्टरांना फोन लावला. त्या नको म्हणाल्या नाहीत.