देवांमागची भिंत

अगं, कान जरा इकडे कर आणि आधी माझी बोलणी खा. तुझी आई जाऊन दीड वर्ष झालं, त्यानंतर तू काशीला फिरकली नाहीस. फोनवर ‘मावशी, बाबा बरे आहेत ना?’ एवढं विचारलं की झालं? मग आता ऐक. तुझ्या बाबांइतका भिंतींचा संशय घेणारा माणूस ब्रह्मदेवानं दुसरा घडवला नसेल. रेल्वेत जन्मभर डब्यांची चाकं हातोडीनं ठोकून तपासली. आता मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आपल्या ट्रस्टच्या इमारतीतली एकूणएक भिंत बोटांनी ठोकतात. कान लावतात, हुंगतात, नि निकाल देतात, ‘सीलन आहे, ओल मुरलीय. बुरशी धरणार.’ गळ्यात हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, माळेसारखं. काटा लालात गेला की भरल्या ताटावरून उठतात. गेल्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं, तर दारातूनच ओरडले, ‘वहिनी, एवढ्या बायकांच्या श्वासांना एकच खिडकी? उघडा सगळ्या!’ उघडल्या. दोन माकडं आत आली नि तिळाचे लाडू परातीसकट गच्चीवर गेले. भाऊजी शांत. म्हणाले, ‘लाडू गेले, पण हवा आली ना?’

हसू नकोस, पुढचं ऐक. पावसाळ्यापासून त्यांना खोकला आहे. बोलता बोलता भिंत धरून उभे राहतात. डॉक्टर म्हणाले, आधी घरातली ओल काढा. ट्रस्टचे मॅनेजरसाहेब मजूर घेऊन आले, ‘बाबूजी, सबकी दीवार ठोकते हैं, अपनी कब ठोकिएगा?’ तीन भिंती ठोकू दिल्या त्यांनी. चौथीशी तुझ्या आईचं देवघर; तिथे आडवे आले. ‘इथे कोरडं आहे. मी बघितलंय.’ काय बघितलंय, कपाळ! तिनं मांडलेले देव तिच्यामागे तसूभर हललेले नाहीत. दुसऱ्या दिवशी फुलं ठेवायच्या निमित्तानं मी त्यांनी गळ्यातून काढून ठेवलेलं यंत्र हळूच देवांमागे सरकवलं. काटा लालाच्या पार टोकाला! ज्या यंत्राच्या जिवावर साऱ्या इमारतीशी भांडले, तेच खिशात घालत म्हणाले, ‘बिघडलंय हो, वहिनी.’

आमची नि त्यांची भिंत एकच. खोकला सुरू झाला की माझी पोळी तव्यावर करपते, आणि एकदम थांबला की जास्तच धसका बसतो. काल चिडलेच मी. तर खाली बघत म्हणाले, ‘तिचा हात शेवटचा तिथे लागलाय. हलवायचेच तर पोरीनं हलवावेत.’

तेवढ्यासाठी ये गं, लवकर ये. देव तू ओटीत घे, टॉर्च मी धरते. खिडक्या सगळ्या उघड्या ठेवू. माकडांचं मी बघते.