वरचं बटण

आमच्या मोर्शीकडे संत्र्याची बाग वाळली की झाडं तोडायला एकाच लाकूडतोड्याला बोलावतात. माणूस फटकळ. मालक झाडाकडे बघून हळहळला, तर म्हणतो, "रडाचं असंन तं घरी जाय, मले काम करू दे." पण झाड कापायची चेनसॉ मशीन चालू करण्याआधी फांद्यांत घरटं नाही ना, हे तो स्वतः वर चढून बघतो. कामानंतरचा चहा मात्र निम्मा शर्टावर सांडतो आणि शिव्या बसतात हात थरथरवणाऱ्या त्या जुन्या चेनसॉला.

परवा नवी घ्यायला त्यानं मला सोबत अकोल्याला नेलं. दुकानदार मशीनच्या ताकदीचं कौतुक सांगू लागला.

"ताकद बैलातबी रायते. हात किती थरथरते ते पाहू दे."

त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं, दुकानामागच्या अंगणातला बाभळीचा ओंडका कापला, मशीन खाली ठेवली आणि बटण लावू लागला. लागेना.

"दुसरी आन."

दुसरीनंतरही लागेना. तिसरी सगळ्यांत महाग. मीही ती चालवून पाहिली, हाताला मुंग्या आल्या नाहीत. त्याची बोटं मात्र काजाभोवती फिरत राहिली.

"काका, याच्यापेक्षा कमी थरथरणारी मशीन येतच नाई," दुकानदार म्हणाला.

तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मशीन बेस हाय. हेच बांध."

बाहेर आल्यावर तो माझ्यासमोर मान वर करून उभा राहिला. मी बटण लावू लागलो.

"लय घट्ट नोको लावू," तो म्हणाला.