लग्नघराचं पेट्रोल

गाडी माझी आहे, माझ्या नावावर आहे, आणि तिच्या टाकीत काय जाईल ते मी ठरवणार. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की आमचे हे म्हणतात, "मागच्या काचेवर पाटीच लाव ना!" यांचा टेंपो आहे, डिझेलचा. साधं पेट्रोल आणि प्रीमियम म्हणजे एकाच विहिरीचं पाणी, बाकी सगळा पंपवाल्यांचा चावटपणा, असं यांचं मत. मी रसायनीच्या एका कारखान्यात वीस वर्षं लॅबमध्ये नमुने तपासतेय. म्हटलं, निदान मला तरी शिकवू नका.

प्रीमियममध्ये ताकद जास्त असते, हाही एक गैरसमजच. पेट्रोल आपणहून पेट घेण्याआधी किती दाब सोसतं, त्याचा तो ऑक्टेनचा आकडा असतो, बस. यांच्या जुन्या स्कूटरला प्रीमियम पाजणं म्हणजे गाढवाला गुळाची चव काय! पण माझ्या गाडीचं इंजिन पेट्रोलला जबरदस्त दाबतं. टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलंय, कमीत कमी पंचाण्णव. हे सगळं घडलं तेव्हा साध्याचा आकडा त्याच्या खाली होता. साधं घालून बोरघाट चढवा, बारीक टकटक ऐकू येते. तरी खरं तेही सांगते. एखाद्या टाकीनं इंजिन मरत नाही. ते स्वतःला सांभाळून घेतं, जरा कमी ओढतं इतकंच. हे मला पक्कं माहीत होतं आणि तरीही मी भाचीच्या लग्नात, भर रस्त्यावर, या पेट्रोलावरून भांडले.

गाडी आली कुठून ते आधी सांगायला हवं. माझं माहेर कर्जतकडचं, भातशेतीवाल्यांचं. वडील गेल्यावर शेताचा मोठा तुकडा फार्महाऊसवाल्यांना विकायचं ठरलं. तेव्हा माझा थोरला भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन आला. आमच्याकडे रीतच आहे. बहिणीनं सही करायची, साडी घ्यायची आणि माहेर राखायचं. मी म्हटलं, ठेव, वाचते. दादाला तेच झोंबलं. "वाचायचं काय हाय त्यात? समद्यांच्या बहिणी करतात." समद्यांच्या करतात म्हणून मी का करू? मी वाचलं आणि सही केली नाही. माझा हिस्सा घेतला आणि त्यातून ही गाडी घेतली. काळी, लांब, परदेशी बनावटीची. आधी कुणीतरी वापरलेली आहे, पण थाट बघा तिचा! वीस वर्षं कारखान्याच्या फाटकात मी असल्या गाड्यांतून साहेब उतरताना बघितले होते. सोनं घेतलं असतं तर कुणी ब्र काढला नसता. बाईनं गाडी घेतली म्हटल्यावर गावभर झालं, भावाच्या तोंडचा घास काढला आणि बघा कशी मिरवते.

दादानं बोलणं टाकलं. चार वर्षं भाऊबीज नाही. मला काही फरक पडत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. साफ खोटं होतं ते. दर दिवाळीला मी ओवाळायचं ताट घासायची, पुसायची आणि मोरीत तोंडावर पाणी मारून यायची, म्हणजे घरात कुणाला कळू नये.

मग त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पोरीनं हट्ट धरला, हॉलवर जाईन तर आत्याच्या गाडीतून. म्हणून दादा आला. उंबऱ्यात उभा राहिला. "गाडी दे. चालवायला आमचा माणूस हाय."

"गाडी हवी तर चालवणार मीच," मी म्हटलं.

माझ्याकडे न बघता त्यानं पाणी मागितलं, प्यायला आणि म्हणाला, "बरं." चार वर्षांनी माझ्या घरचं पाणी प्यायला तो. तो गेल्यावर मी यांना म्हटलं, या लग्नात मी तोंड उघडणार नाही, काय वाटेल ते होवो. माहेर परत मिळत असेल तर मूग गिळून बसेन. हे हसले.

लग्न खोपोलीच्या हॉलवर होतं. लग्नाला निघालेल्या गाड्यांत लग्नघरानं पेट्रोल घालायचं, ही आमची पद्धत. घरातून निघून सगळ्या गाड्या पंपावर रांगेत लागल्या. दादा फेटा बांधून नळीपाशी उभा. एकेक गाडी आली की पंपावरच्या मुलीला सांगायचा, "साधं. फुल." गाडी पुढे. माझा नंबर आला. मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेली भाची आणि तिच्याशेजारी आमची बहिरी चुलती. मी उतरले, झाकण उघडलं आणि जीभ आवरायच्या आत बोलून गेले, "हिला प्रीमियम."

पंपावरची मुलगी दादाकडे बघायला लागली.

"समद्यांना साधं घातलंय," दादा म्हणाला. "तुला एकटीला येगळा मान कशाला?"

"मान नाय मागत रं दादा. गाडीला काय लागतं ते हितं लिवलंय. वाच."

"वाच, वाच! तुझ्या वाचण्यानंच घर फुटलं!"

मागून हॉर्न सुरू झाले. मुहूर्त जवळ आलेला. मी माझ्या पैशांनी भरते असं म्हणायचीही सोय नव्हती. लग्नघराचं पेट्रोल नाकारणं म्हणजे लग्नघरच्या पंगतीतून उठणं. टाकीभर साधं घालून घेतलं असतं तर सगळं मिटत होतं. मनात म्हणत होते, अगं बये, गप बस, गाडीला काही होत नाही. पण मला तो 'समद्यांना' शब्द चावला होता. गाडी माझी, ती चालवते मी, आणि तिच्या झाकणावरचं वाचायचंही नाही म्हणजे काय?

"दादा, घालायचं तर हेच घाल. नायतर काय नको."

तो लालबुंद झाला. "नको तर नको! पोरीला उतरव. ती पुढच्या गाडीत बसंल."

गेलं, म्हटलं, माहेर कायमचं गेलं. दोन शब्द बोलले असते तरी वाचलं असतं, 'साधं घाल.' ते दोन शब्द काही निघेनात.

तेवढ्यात मागची काच खाली आली. "बाबा, मी नाय उतरणार," भाची म्हणाली. "परवा तुमच्या कागदावर न वाचता सही केली ना मी? मग तुमी एवढं तरी वाचा."

दादा जागच्या जागी थांबला. इकडेतिकडे बघितलं. मग खिशातून चष्मा काढला, फेटा सावरत वाकला आणि झाकणावरचा आकडा शाळेतल्या पोरासारखा मोठ्यानं वाचला, "पंचाण्णव." पंपावरच्या मुलीला म्हणाला, "ती म्हणते ते घाल. फुल कर." मी झाकण लावेपर्यंत तो तिथेच घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "सांजच्याला घरी ये. परस्पर जाऊ नको."

चार वर्षं ज्यासाठी झुरले ते मिळालं होतं. मला रडू यायला हवं होतं. पण गाडी रस्त्याला लागली तरी माझ्या डोक्यात भाचीचं एकच वाक्य फिरत होतं.

"कसली सही गं?"

"उरलेल्या शेताच्या हक्कसोडीची. नदीकडच्या. हळदीच्या आधी बाबा म्हणाले, करून टाक, मोकळी होशील."

"नोंदणीच्या कचेरीत गेलीस? फोटो, अंगठा झाला?"

"नाय. मांडवपरतणीला येईन तवा जाऊ म्हणाले."

पुढच्या गाडीच्या खिडकीतून दादाचा हात बाहेर आला होता. तो मला या, या करत होता.

"मग अजून काय गेलं नाय," मी म्हटलं. "नोंदणी झाल्याबिगर त्या कागदानं वाडवडलांच्या जमिनीतला तुझा हिस्सा जात नाय. तू आज मजेत लग्न कर. मांडवपरतणीच्या दिवशी मी रजा टाकते. कचेरीत चल म्हणाले तर आधी मला फोन कर. जायचं का नाय ते तू ठरव, पण वाचून."

आरशात मला तिच्या मुंडावळ्याच तेवढ्या दिसत होत्या.

"आत्या, बाबा परत तुझ्याशी बोलायचे नायत."

"नाय बोलणार," मी म्हटलं. "तू फोन कर."