जंत मरेनात तेव्हा

रफिकभाईंच्या शेळीची पापणी मी उलटवली. आत गुलाबी हवं, तिथे पांढरंफटक. जबड्याखाली पाणी साचलेलं. रक्त पिणारे जंत. दर्यापूरजवळच्या या गोठ्यात नुकत्याच दोन शेळ्या मेल्या होत्या, आणि ही गाभण होती.

"जंताचं औषध पाजता ना?"

"दर महिन्याले, मॅडम. तुमच्याच सरकारी दवाखान्यातलं."

"किती?"

"एक झाकण."

"करडाले बी अन् बोकडाले बी?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"हो. आमी भेदभाव नाही करत."

मी कपाळाला हात लावला. लेंड्या मायक्रोस्कोपखाली पाहिल्या, तर अंडीच अंडी. औषध लागूच पडत नव्हतं.

हे औषध काय करतं ते सांगते. प्रत्येक पेशीत अतिशय बारीक, पोकळ नळ्या असतात. त्यांना मायक्रोट्यूब्यूल म्हणतात. प्रथिनाच्या विटा जोडत त्या उभ्या राहतात, सुटतात, पुन्हा उभ्या राहतात. पेशीचा आकार त्या सांभाळतात, आतला माल त्यांच्यावरून जातो, पेशी विभागताना गुणसूत्रंही त्याच ओढतात. औषध जंताच्या विटेला चिकटतं. नळी उभी राहत नाही, जंत उपाशी मरतो. पण एखाद्या जंताची वीट जन्मतःच थोडी वेगळी असते. तिला औषध चिकटत नाही. डोस कमी पडला की अर्धवट वेगळे असलेलेही तगतात, आणि पुढची पिढी त्यांचीच.

अमरावतीच्या जिल्हा कार्यालयात साहेबांना फोन लावला. "दुसऱ्या प्रकारचं औषध हवंय, सर."

"स्टॉकमध्ये हेच आहे. डोस डबल करा."

"शेळी गाभण आहे. पिलाच्या पेशींनाही त्याच नळ्या लागतात. पिलू वाकडं जन्मलं तर?"

"मग मागणीचं इंडेंट पाठवा, मंजूर झालं की येईल."

"तोवर शेळी जगेल का?"

"प्रोसिजर आहे, मॅडम."

मी फोन ठेवला आणि अकोल्याच्या ओळखीच्या औषध-दुकानदाराला लावला. त्याने संध्याकाळच्या एसटीने बाटली पाठवली. हे औषध नळ्यांच्या वाटेला जात नाही, जंतांचे स्नायू लुळे पाडतं. गाभण शेळीला जपून चालतं. एकेक जनावर काट्याला टांगून, वजनाप्रमाणे पाजलं. रफिकभाई कुरकुरत होते, पण शेळ्यांचे पाय धरून उभे राहिले.

पुढच्या तपासणीत अंडी जवळजवळ नव्हती. शेळी वाचली, दोन करडं धड जन्मली.

"म्हणजे पयलं औषध नकली होतं," रफिकभाई म्हणाले.

"असली होतं. जंत बदलले."

"काऊन?"

"तुमी मोठ्या जनावराले बी झाकणभरच पाजलं म्हणून."

त्यांनी जुनी बाटली उचलली. "मंग बाटलीवर लिहत काऊन नाहीत?"

"लिहिलेलं असते, भाई."

अर्ध्या डोसाने जंत संपत नाहीत. चिवट तेवढे निवडून उरतात.