सात, आठ, नऊ

त्या दिवशी सकाळी गच्चीवर सुमननं मला पकडलंच. खांदे फिरवताना मी सहावरून थेट दहावर उडी मारली होती.

"अहो, सात, आठ, नऊ कुठं गेले? गंगेत वाहून गेले?"

"म्हातारा झालोय. थोडी सूट दे."

"म्हातारे झालात म्हणूनच. पुन्हा पहिल्यापासून!"

कुरकुरत फिरवले. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं. दुपारी डाळ निवडता निवडता ती कलंडली. संपलं.

सुमन माझी बायको. मुलींच्या शाळेत पीटी शिकवायची. मी चौथी नापास, श्राद्धाचा स्वयंपाकी. रिटायर झाल्यावर तिनं काशीतल्या दूधविनायक गल्लीत आमच्या गच्चीवर गल्लीतल्या बायकांना लाकडी मुद्गल फिरवायला शिकवलं. पण आल्या आल्या हातात द्यायची नाही. आधी जागच्या जागी चाला. मग घोटे, गुडघे, खांदे. मग मुद्गल धरल्यासारखे रिकामेच हात फिरवा. मग हलकी जोडी, जड अगदी शेवटी. "रिकाम्या हातानं दुखतंय, मग भरल्या हातानं काय होईल?" हे रोजचं. "बोलता येतंय ना? चालू दे. धाप लागली की थांब."

मी अतिशहाणा. पौषात अमृतराव घाटावर डुबकी मारली, थरथरत घरी आलो आणि सरळ जड जोडी उचलली. इथल्या पुरुषांना वाटतं, स्नान झालं की अंग तयार. खांद्यात अशी चमक भरली की महिनाभर जेवणाचं ताट उचलेना. हळद लावताना सुमन म्हणाली, "गंगा पापं धुते हो. खांदे नाही गरम करत."

तिला अग्नी देऊन आलो, तर वहिनी दारातच. "या वयात मुद्गल कसले फिरवायचे! त्यानंच गेली." बाकीच्यांनी माना हलवल्या. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, बीपीची गोळी बंद केली म्हणून डोक्यातली नस फुटली. मला न सांगता बंद केली. माझे तीन आकडे सोडले नाहीत आणि स्वतःची गोळी सोडली! तिचा राग येतो मला, अजून येतो. पण मुद्गलाला नाव ठेवणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सून मीनल दारात. सरावाला नेलेली हलकी जोडी हातात, डोळे सुजलेले.

"काका, हे परत ठेवायला आले. सासूबाई म्हणतात, अब बस. बाकीच्याही नाही येणार."

"वर चल."

"भावोजी, सूतक आहे!" वहिनी आतून ओरडल्या.

"सूतक मला आहे. तिच्या खांद्यांना नाही."

गच्चीवर सुमनच्या जागी उभा राहिलो. मीनलनं सवयीनं जोडी उचलली.

"ठेव खाली. काकूनं हेच शिकवलं?"

चाललो. घोटे, गुडघे झाले. खांदे फिरवायला लागलो. सहा म्हटलं आणि अडलो. मीनलचे हात थांबले.

"थांबू नकोस," मी खेकसलो. "सात. आठ. नऊ."