खोबणीतली लाकडं

त्याचं नाव मी विचारलं नाही आणि त्यानंही माझं विचारलं नाही. एक्याण्णव-ब्याण्णव साल असेल. भीमाशंकरच्या अभयारण्यातली गुहा बघायला मी अवसरीहून एकटाच निघालो होतो. तळेघरच्या पुढं एसटीतून उतरलो, तर समोर भर पावसात डोक्यावर इरलं घेतलेला हा म्हातारा.

"कपारीला जायचंय व्हय? चला पावणं," म्हणाला आणि मागं न बघता चालू लागला.

गुहेत पोचेपर्यंत मी चिंब भिजलो होतो. त्यानं खडकाच्या खोबणीत कोपरापर्यंत हात घातला आणि कोरडी लाकडं काढली. जाळ पेटला. अंग शेकून मी निघायला उठलो, तर हा बाहेर पडलेल्या ओल्या काटक्या गोळा करून आणत होता. एकेक झटकून खोबणीत रचत होता, जाड खाली, बारीक वर.

"आता कशाला?"

"मागनं येनाऱ्याला. आपल्यासाठी बी कुणी ठिवलीच व्हती की."

चार-पाच वर्षांनी त्याच्याच ओढीनं पुन्हा गेलो. तो कुठं दिसला नाही, पण खोबण भरलेली होती. सगळी लाकडं मी जाळली, मनसोक्त शेकलो आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून पळत सुटलो. मंचर आल्यावर आठवलं, मी एक काटकीसुद्धा ठेवली नव्हती.

त्यानंतर जाणं झालंच नाही. पण पाऊस लागून राहिला की वाटतं, तो म्हातारा आत्ता भिजून तिथं पोचला असेल आणि खोबणीत हात घालून चाचपत असेल.