पायी आलेला लष्करी साहेब

ती घटना आजही आठवते. पण आठवते म्हणण्यापेक्षा दिसते, आणि तीही उन्हाच्या झळांमागून, दुपारी डोळा लागल्यावर काही दिसावं तशी. सीमेवर लढाई चालू होती तो उन्हाळा. बीड जिल्ह्यातल्या हमरस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावोगावी केबल नुकतीच पोहोचली होती आणि माणसं पहिल्यांदाच घरात बसून लढाई बघत होती. पडद्यावर बर्फाचे डोंगर आणि दाराबाहेर काळ्या रानावर पाण्यासारखी हलणारी हवा. दोन्हींतलं खरं कोणतं, असं क्षणभर वाटायचं.

अनोळखी इसमांवर नजर ठेवा, असा बिनतारी संदेश वरून आला होता. आमच्या हवालदारांना त्याची गंमत वाटली. हेर इथं काय बाजरीची कणसं मोजायला येणार, असं त्यांचं म्हणणं.

अशाच एका दुपारी चौसाळ्याकडच्या एका गावचे पोलीस पाटील ठाण्यात आले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "सायेब, आमच्याकडं मिल्ट्रीचा सायेब आलता. ज्येंची पोरं फौजेत हायेत, त्येंच्याच घरी गेला."

"मग?"

"पायी आलता."

मी खुर्चीतून उठलो. लष्कराचा अधिकारी जीपने येतो, आणि येण्याआधी आम्हाला कळवतो. स्टेशन डायरीला नोंद केली, गोपनीय शाखेला फोन केला आणि गाडी काढली.

पुढच्या गावाच्या वाटेवर तो सापडला. लांबून कमरेच्या वरचाच दिसत होता, पाय झळांनी खाऊन टाकलेले. गाडी जवळ जाताच त्याने असा काही सॅल्यूट ठोकला की आमच्या चालकाचाही हात आपोआप सॅल्यूटला उठला. त्याच्या गाठोड्यात फौजदाराची टोपी, लाकडी पिस्तूल, खोटी दाढी आणि रंगाच्या डब्या निघाल्या. बहुरूपी होता.

बहुरूपी फौजदार बनून दारात येतो, घरधन्याला अटकेची धमकी देतो, घरदार हसतं आणि त्याला पसाभर धान्य मिळतं. धमकी रंगायची तर घरात कोण कुठे असतं, हे त्याला आधी काढून घ्यावं लागतं. त्याचं सगळं शिक्षण तेच. तरीही खोट्या रूपाआड खरा हेर असू शकतो, म्हणून मी त्याला ताब्यात घेऊन चौकशीला बसवलं.

"हा वेश कशाला घेतलास?"

"तुमच्या वेशाला आता कुनी हसत न्हाई, सायेब. म्हनलं, लढाई चालू हाय, मिल्ट्रीचा करावा." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पन पहिल्याच घरी माय भाईर आली अन् पायाच पडाया लागली. माझा खेळ तोंडातच राह्यला."

"मग काय केलंस रे?"

"म्हनलं, तुमचा पोरगा खुशाल हाय, म्या भेटलतो त्याला. दुसरं काय म्हनू?"

"आणि त्या लोकांनी तुला काय सांगितलं?"

त्याने डोळे मिटले आणि एकेक घर म्हणायला सुरुवात केली. कोणाचा मुलगा कोणत्या पलटणीत, सुटीवरून कोणाला परत बोलावलं, कोण कुठल्या तोफेवर, कोणाची तुकडी कोणत्या स्टेशनावरून वर सरकली. एसटीडी बूथवरून दोन मिनिटांत मुलांनी आईला सांगितलेलं सगळं. त्याचा आवाज संथ होता, पंख्याखाली गुंगी यावी असा.

हेरगिरी कशासाठी असते, हे मला त्या दुपारी कळलं. दोन देश हमरीतुमरीवर आले की एकमेकांच्या बोलण्यावरचा त्यांचा विश्वास उडतो. समोरचा काय बोलत नाही, त्याची फौज कुठे सरकते आहे, हे ज्याला आधी कळेल त्याचं पारडं जड. म्हणून माणसं पाठवावी लागतात. असा माणूस कुलपं फोडत असेल, अशी माझी समजूत होती. पण त्याला ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायलं तरी पुरतं. काळजीत असलेली माणसं स्वतःहून बोलतात. एका घरातलं बोलणं काहीच नसतं. दहा घरांतलं जोडलं की नकाशा होतो.

गोपनीय शाखेने त्याचं गाव, भावकी, येणं-जाणं सगळं तपासलं. तो कुणाला भेटला नव्हता की कुठे बोलला नव्हता. वेश जमा करून, सक्त ताकीद देऊन मी त्याला सोडलं.

मग पहिल्या घरातल्या त्या मायचा जबाब घ्यायला गेलो. तो साहेब खोटा होता, हे मलाच सांगावं लागलं.

"म्हंजी पोरगा खुशाल हाय, हे बी खोटं?"

"माहीत नाही, माय. तो त्याला भेटलाच नव्हता."

"त्यानं मला सांगितलं ते समदं खोटं," ती म्हणाली, "अन् म्या त्याला सांगितलं ते समदं खरं. माझ्या बोलन्यानं लेकराला काई झालं तर?"

यातलं काही ठाण्याबाहेर गेलेलं नाही, असं मी तिला परोपरीने सांगितलं. मग कागद काढून मुलाचं नाव आणि पलटण विचारली. तिने माझ्या टोपीपासून बुटांपर्यंत नजर फिरवली.

"तुमी तरी खरे कशावरून?"

मी ओळखपत्र पुढे केलं. तिला वाचता येत नव्हतं; मुलाचं नाव काही तिने सांगितलं नाही. देशाच्या हिताच्या दृष्टीने पाहिलं तर ती अगदी योग्य वागली, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. जबाब न घेताच मी परतलो.

लढाई संपल्यावर पोलीस पाटील भेटले, तेव्हा मी तिच्या मुलाची चौकशी केली. सुखरूप सुटीवर येऊन गेला, म्हणाले. एरवी फौजेतलं पोर यायचं म्हटलं की अर्धं गाव एसटीच्या थांब्यावर जमतं. या वेळी थांब्यावर ती एकटीच उभी होती. तो येणार, हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.